तळ्याकाठची तारीख

चर्चच्या मंडळीच्या सभेत ब्लॉग काढायचा ठराव एकमताने पास झाला, कारण ब्लॉग म्हणजे काय हे निम्म्या लोकांना माहीत नव्हतं आणि उरलेल्या निम्म्यांचा चहा गार होत चालला होता. ठराव मांडला मेनस्विचने. हा चर्चचा कारभारी, धंद्याने वायरमन. चर्चमधला एक दिवा किंवा एक लग्न त्याला विचारल्याशिवाय लागत नसे, म्हणून त्याला ते नाव पडलं होतं. ते त्याला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

"घंटा आता कुणी ऐकत नाही," तो म्हणाला. "लोक सकाळी डोळ्यांच्या आधी फोन उघडतात. मग आपणच फोनात जायचं."

पाळकबाईंना ते पटलं. बुधवारच्या शास्त्राभ्यासाला सात माणसं उरली होती, आणि त्यातली दोन खोली उबदार असते म्हणून येत होती. शहर सोडून गेलेले लोक अधूनमधून प्रवचनं मागत. शिवाय प्रवचनात न मावणारं पुष्कळ काही त्यांच्याजवळ साठलं होतं. आजाऱ्याच्या उशाशी बसून काय बोलू नये, दफनविधी झाल्यावर त्या घरी तिसऱ्या आठवड्यात पुन्हा का जावं, छापील प्रार्थना शंभरदा म्हणून झाल्यावर एकशे एकाव्या वेळी ती अचानक आपलीच कशी होते. वीस वर्षांच्या सेवेत जमलेलं हे सगळं कुठेतरी मांडून ठेवावं असं त्यांना वाटत होतं.

नावावरून थोडी ओढाताण झाली. मेनस्विचला 'सत्याचा दीपस्तंभ' हवं होतं. पाळकबाई म्हणाल्या, आपल्याकडे समुद्र नाही. शेवटी त्यांनीच 'शेवटचं बाकडं' असं नाव ठेवलं. चर्चमध्ये जे मागे बसतात, आणि उपासना संपल्यावर दाराशी पाळकाशी हात मिळवायची वेळ येण्याआधी हळूच सटकतात, त्यांच्यासाठी हे लिखाण.

आता ही मंडळी अँग्लिकन, आणि त्यातही सुवार्तिक. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर या घराला दोन दारं आहेत. एका दाराशी बिशप, पांढरा झगा, छापील प्रार्थना, उभं कधी राहायचं आणि गुडघे कधी टेकायचे याची शिस्त. दुसऱ्या दाराशी साक्ष. साक्ष म्हणजे चारचौघांत उभं राहून सांगायचं, की मी प्रभूकडे कसा वळलो. आणि इथे 'कसा'च्या आधी 'कधी' विचारतात. दिवस, वार, जमल्यास वेळ. मेनस्विचकडे वेळही होती. सव्वाचार, शिडीवर असताना.

"पहिला लेख तुमची साक्ष," तो म्हणाला. "तळ्याकाठची. आम्हाला सगळ्यांना पाठ आहे, पण नव्या माणसाला कळायला हवी. रविवारी उपासनेनंतर पडद्यावर लावू आणि सगळ्यांसमोर बटण दाबू."

पाळकबाई "बघू" म्हणाल्या. त्या 'बघू' म्हणाल्या की काहीतरी बिनसलेलं असतं, हे फक्त त्यांच्या आईला कळायचं, आणि आई सभेला नव्हती.

बिनसलं होतं ते असं, की तळ्याकाठी काहीही झालेलं नव्हतं.

सोळाव्या वर्षी त्या मंडळीच्या युवक शिबिराला गेल्या होत्या. शेवटच्या सकाळी जेवणाच्या खोलीत शिबिराच्या ताई वही उघडून बसल्या. मुली रांगेने येत, आपण प्रभूकडे वळलो ती तारीख सांगत, ताई ती लिहून घेत आणि पाठीवरून हात फिरवत. बाहेर बस हॉर्न वाजवत होती. "तुझी कुठली गं?" ताईंनी विचारलं. पाळकाची मुलगी, मागे पंधरा जणी उभ्या, बसचा ड्रायव्हर तापलेला. तिच्याकडे तारीख नव्हती. तिला प्रभू कधी भेटला असं नव्हतंच. तो घरातच होता, वडिलांच्या चष्म्यासारखा, आईच्या शिवणयंत्रासारखा. पण हे वहीत लिहिता येत नव्हतं. "काल," ती म्हणाली. "दुपारी. तळ्याकाठी." ताईंनी एकोणीस तारीख लिहिली आणि त्यांचे डोळे भरून आले.

ताईंनी मोटारसायकलवाल्याबरोबर पाठवलेली चिठ्ठी पोरीच्या आधी घरी पोचली. आई फाटकात उभी होती आणि रडत होती. वडिलांनी, मोठ्या माणसाशी मिळवावा तसा, तिच्याशी हात मिळवला. आता तोंड उघडायचं कसं? उद्या सांगू, परवा सांगू, करता करता राहून गेलं. खोटं एकटं राहत नाही, बिऱ्हाड थाटतं. पुढे युवकांच्या सभेत सांगताना त्या तळ्यावर वारा आला. पाळक होण्यासाठी निवड समितीपुढे बसल्या तेव्हा दोन बदकंही पोहून गेली. समितीतल्या एका गृहस्थांनी चष्मा पुसला होता.

आणि दरवर्षी त्या महिन्याच्या एकोणीस तारखेला सकाळी आई चहाचा कप घेऊन उठवायला यायची. "ऊठ गं, आज तुझा दुसरा वाढदिवस." नेमणुका लांबच्या गावी होत्या तेव्हा फोन यायचा, बरोबर सहाला. वडील गेले, आई कायमची पाळकबाईंकडे राहायला आली, तिची नजर अधू झाली, तरी भिंत धरत धरत कप यायचाच. चहा बशीत सांडलेला असायचा. एकतीस वर्षं झाली होती.

इतकी वर्षं निभलं होतं, आणखीही निभलं असतं. पण मागच्या महिन्यात झग्याची शिवण उसवली म्हणून पाळकबाई शिवणवालीकडे गेल्या. ही बाई चार वर्षं चर्चला येत होती आणि चार वर्षं शेवटच्या बाकड्यावर बसत होती. तोंडात टाचण्या धरून ती झग्याचा घेर मोजत असताना पाळकबाईंनी सहज विचारलं, "तुम्ही पुढे का बसत नाही?"

तिने टाचण्या काढून हातात घेतल्या. "पुढे तारीखवाले बसतात. माझ्याकडे तसलं तळंबिळं काही नाही, पाळकबाई. मी आपली हळूहळू आले. कधी पोचले ते कळलंच नाही. अशांचं धरतात की नाही, ते तुम्हालाच माहीत. हात वर करा."

पाळकबाईंनी हात वर केले. धरतात, हे एका शब्दात सांगता आलं असतं, पण त्या हात वर धरून उभ्या राहिल्या. त्या बाईला मागच्या बाकड्यावर आपण बसवलंय, आपल्या वाऱ्याने आणि बदकांनी, हे त्यांना त्या तीन मिनिटांत लख्ख कळलं होतं.

तेव्हा पहिला लेख खरा लिहायचा, एवढं त्यांनी ठरवलं. बिशपची भीती नव्हती, मंडळीची थोडी होती. खरी भीती आईची होती. आईचं वय एक्क्याऐंशी. नवरा गेला, नजर गेली, मैत्रिणी एकेक करून गेल्या. तिच्याजवळ जी काही मालमत्ता उरली होती त्यात ती तारीख सगळ्यात वर होती. ती तिच्या हातातून काढून घ्यायची, तीही कशासाठी, तर ब्लॉगसाठी. पाळकबाईंनी दोन लेख लिहून काढले. एक तळ्याचा, एक खरा.

आता या घरात एक पद्धत होती. रविवारचं प्रवचन शुक्रवारी दुपारी स्वयंपाकघरात आईला वाचून दाखवायचं. ती म्हणाली "तिसरा मुद्दा काढ," की काढायचा. बिशपने एकदा कौतुक केलेल्या प्रवचनाला ती "लांबलं" म्हणाली होती आणि ते लांबलंच होतं. त्यामुळे पहिला लेखही तिच्या कानांखालून जाणार होता. शुक्रवारी ती टेबलाशी मटार सोलत बसली, पाळकबाई समोर बसल्या, आणि ऐन वेळी त्यांच्या हातांनी तळ्याचा कागद उचलला.

त्यांनी अर्धा वाचला. आई ऐकत होती, दाणे भांड्यात टपटप पडत होते.

"वारा विसरलीस," आई म्हणाली.

"हो. घालते."

"पाण्यावर सुरकुत्या पडल्या होत्या म्हणायचीस. ते छान होतं. आणि बदकं कुठे गेली? दोन होती. मागची सारखी मागे राहायची."

मागची सारखी मागे राहायची, हे पाळकबाईंनी कधीच सांगितलेलं नव्हतं. ते आईने स्वतःच्या पदरचं घातलं होतं. एकतीस वर्षं ती त्या तळ्यावर एकटीच जाऊन बसत होती आणि बदकांवर लक्ष ठेवत होती. पाळकबाईंनी कागद टेबलावर ठेवला.

"आई, बदकं नव्हती."

"होती. तूच सांगितलंस."

"मी सांगितलं. पण नव्हती. वाराही नव्हता. मी तळ्याकाठी प्रार्थना केलीच नाही."

दाणे पडायचे थांबले.

"मग त्या दुपारी होतीस कुठे?"

"तिथेच. उलट्या घातलेल्या होडीखाली. झोपले होते. त्याआधी बिस्किटं खाल्ली, शिबिराच्या स्वयंपाकघरातून पळवलेली."

"किती?"

"अख्खा पुडा."

"जेवायला घालत नव्हते का तिथे?"

"घालत होते."

आईने मान हलवली. मग म्हणाली, "आणि एकोणीस तारीख?"

"ताई तारीख विचारत होत्या. बस सुटत होती. मी काहीतरी सांगून मोकळी झाले."

आई उठली. हात पुसले, खुर्ची आत सारली, भिंतीला तळवा लावत आपल्या खोलीकडे गेली आणि दार लावून घेतलं. तिच्या खोलीचं दार दिवसा कधी लागलेलं नसे. पाळकबाई अर्धे सोललेले मटार पुढ्यात घेऊन बसून राहिल्या, आणि मग दुसरं काही सुचेना म्हणून उरलेले सोलले.

रागावलेली आई परवडते, तिच्या रागाला आवाज असतो. शनिवारी या घरात आवाजच नव्हता. "साखर संपत आलीय" आणि "दार ओढून घे" एवढी दोनच वाक्यं दिवसभरात झाली. पाळकबाई सकाळी एका आजाऱ्याला भेटून आल्या, दुपारी लग्नाच्या एका जोडप्याला कुठे उभं राहायचं ते दाखवून आल्या, आणि दोन्ही ठिकाणी त्यांनी माणसांची नावं चुकवली. परत आल्या तर मेनस्विच पडद्याची वायर खांद्यावर घेऊन दारात उभा.

"लेख पाठवला नाहीत अजून."

"संध्याकाळी पाठवते."

त्याने आत डोकावलं, बंद दार बघितलं, आणि आवाज खाली आणला. "घरात फ्यूज उडालाय का?"

"उडालाय. मीच उडवला."

"मग घाई करू नका. जळका वास जाऊ द्यायचा, मग हात लावायचा. मी धंद्यातलं सांगतोय," तो म्हणाला आणि वायर घेऊन चर्चकडे गेला. हा माणूस कधीकधी प्रवचनापेक्षा बरं बोलतो, असं पाळकबाईंच्या मनात आलं.

पाच वाजता आईचं दार उघडलं. ती टेबलाशी येऊन बसली. "बस," म्हणाली. पाळकबाई शाळकरी पोरीसारख्या बसल्या.

"तुझा राग आला नाही असं नाही," आई म्हणाली. "आला. चांगला सणसणीत आला. पण तो काल दिवेलागणीपर्यंत उतरला. सोळा वर्षांची पोर, बस सुटतेय, समोर बाई वही घेऊन बसलीय. मीसुद्धा काहीतरी ठोकून दिलं असतं."

"मग आज दिवसभर?"

टेबलाच्या कडेवरून आईची बोटं फिरत राहिली.

"तुझ्यासाठी मागायचं थांबवलं गं मी."

पाळकबाईंना कळलं नाही.

"माझी प्रार्थनेची यादी तुला माहीत आहे. पहिल्यांदा मागणं, मग आभार. तू जन्मलीस तेव्हापासून मागण्यात पहिली होतीस. ती चिठ्ठी आली आणि मी तुला उचलून आभारात टाकलं. हिचं झालं म्हटलं, आता दुसऱ्यांचं बघू. शेजारणीसाठी मागितलं, दूधवाल्यासाठी मागितलं, बिशपच्या गुडघ्यासाठी दोन वर्षं मागितलं. पहिल्या नेमणुकीवर तू वाळून काडी झाली होतीस, तेव्हा मी काय करत होते? आभार मानत होते. बाप गेल्यावर तू स्वयंपाकघरात तोंडावर पाणी मारत उभी असायचीस, मला ऐकू यायचं. तेव्हाही आभारच. एकतीस वर्षं पोरीला काही लागतच नाही असं धरून चालले मी." तिचा आवाज फुटला. "कुणाच्याही पोरीसाठी मागितलं, आपलीच राहिली."

पाळकबाईंनी वीस वर्षांत शेकडो घरांत माणसांना रडताना बघितलं होतं, आणि अशा वेळी हात कुठे ठेवायचा ते त्यांना ठाऊक होतं. आज त्यांना हात कुठे ठेवावा ते कळेना. रागावेल, तुटेल, शरमेल, सगळ्याची त्यांनी तयारी केली होती. ही तयारी नव्हती.

"आई, माझं काही अडलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तसलं नाही. मी बाहेर नव्हतेच कधी. फक्त आत कधी आले ते मला आठवत नाही. तुला आई म्हणायला कधी लागले ते तरी कुठे आठवतं मला?"

"तुला कसं आठवेल," आई म्हणाली. "मला आठवतं."

तिने पदराने नाक पुसलं आणि पाठ सरळ केली.

"तू तीन वर्षांची होतीस. तुझा भाऊ झाला आणि त्याच दुपारी गेला. हे तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. त्यानंतर माझ्या तोंडून प्रार्थना निघेना. पाळकाची बायको मी. रविवारी पहिल्या बाकड्यावर बसायचे आणि नुसते ओठ हलवायचे. तुझा बाप पुढे उभा, त्याला काय ऐकू येणार. पण संध्याकाळची प्रार्थना घरी, आणि तो गावोगाव फिरतीवर, म्हणजे तू आणि मी. आपली रीत तुला ठाऊक आहे. मोठ्या माणसाने एक ओळ म्हणायची, लहानाने उत्तर द्यायचं. तू हात जोडून बसायचीस आणि माझ्या ओळीची वाट बघायचीस. मी गप्प. पहिल्या दिवशी तू वाट बघत बघत तिथेच झोपलीस. दुसऱ्या दिवशीही झोपलीस."

"आणि तिसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या दिवशी तू आवाज जाड केलास. माझ्यासारखा. आणि माझी ओळ तूच म्हणालीस. मग तुझ्या आवाजात तिचं उत्तर दिलंस. मग परत जाड आवाज, परत तुझा आवाज. अशी शेवटपर्यंत. दोघींची प्रार्थना एकटीने केलीस. निम्मे शब्द चुकीचे. बिशपऐवजी भलतंच काहीतरी म्हणायचीस."

पाळकबाई हसल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण रडतोय.

"पाच आठवडे," आई म्हणाली. "रोज. मी समोर दगडासारखी बसलेली, आणि तू दोन आवाज काढतेयस. मग एके दिवशी जाड आवाज निघायच्या आत माझीच ओळ माझ्या तोंडून निघाली. तू माझ्याकडे बघितलंस, 'आता तू म्हण' म्हणालीस, आणि उत्तरं देऊन झाल्यावर खेळायला गेलीस."

"हे कधी सांगितलं नाहीस."

"कुणाला सांगू? पाळकाच्या बायकोची पाच आठवडे प्रार्थना बंद होती, ही काय उभं राहून सांगायची साक्ष आहे? आणि तीन वर्षांच्या पोरीचं कोण धरतं. खरं वळणं मोठेपणी येतं, तारखेसकट, असं मलाही वाटायचं. म्हणून तुझ्यासाठी मागत बसले पुढची तेरा वर्षं, जे घरात होतं तेच."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"लिही," आई म्हणाली.

"हे? लोकांना तुझं कळेल, आई."

"कळू दे. मला पहिल्या बाकड्यावरून उठवलं तर शेवटचं आहेच की तुझं."

पाळकबाईंनी तिथेच बसून लिहिलं आणि वाचून दाखवलं. होडी, बिस्किटांचा पुडा, ताईंची वही, एकतीस वर्षांचं खोटं, आणि त्यानंतर आईने सांगितलेलं सगळं, आईच्याच शब्दांत. आईने दोन ठिकाणी अडवलं. "'शोकाकुल' काढ. मी शोकाकुल नव्हते, मी थकले होते." आणि शेवटचा परिच्छेद संपूर्ण काढायला लावला, कारण त्यात पाळकबाई उपदेश करत होत्या. लेख मेनस्विचकडे गेला.

रविवारी उपासनेनंतर तो पडद्यावर लागला. मेनस्विचने बटण दाबण्याआधी छोटंसं भाषण केलं, त्यात 'तंत्रज्ञान' हा शब्द सहा वेळा आला. मग सगळे वाचू लागले आणि चर्चमध्ये अशी शांतता झाली, जी पाळकबाईंना प्रवचनात कधी मिळाली नव्हती. आई पहिल्या बाकड्यावर समोर बघत बसली होती. तिला पडदा दिसत नव्हता, पण काय लिहिलंय ते माहीत होतं.

सगळ्यांना आवडलं असं नाही. दोन जुनी माणसं हात न मिळवता निघून गेली, आणि त्यातल्या एकाने निवड समितीचा उल्लेख करत बिशपला पत्र लिहिणार असल्याचं पायरीवर मोठ्याने सांगितलं. त्याचं चुकलं नव्हतं, आणि पाळकबाईंनी बिशपला लिहिलेलं स्वतःचं पत्र सकाळीच टपालपेटीत टाकलेलं होतं. मेनस्विच बराच वेळ पडद्याकडे बघत उभा राहिला.

"म्हणजे तळं नव्हतंच?"

"तळं होतं. मी होडीखाली होते."

त्याने विचार केला. "माझं सव्वाचारचं खरं आहे बरं का."

"माहीत आहे मला."

"शिडीवरून घसरताना समोर घड्याळ होतं," तो म्हणाला आणि वायर गुंडाळू लागला. शिवणवाली पुढे येऊन बसली वगैरे काही नाही. ती आपल्या जागेवरच होती. पण त्या दिवशी ती लवकर गेली नाही. रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभी राहिली, हात मिळवला, आणि झग्याची शिवण नीट बसलीय का ते बोटाने बघून गेली.

दुपारी जेवणं झाली. पाळकबाई फोनमध्ये बघत होत्या. लेख एकशे बारा जणांनी उघडला होता, म्हणजे रविवारच्या हजेरीच्या दुप्पट. त्या आकडा सांगणार, तोच आई म्हणाली, "तो फोन ठेव. सांग आता, तुझ्यासाठी काय मागू?"

हा प्रश्न पाळकबाई रोज विचारत. दवाखान्यात, दारात, फोनवर, साठ घरांत. तुमच्यासाठी काय मागू? लोक सांगत आणि त्या मागत. उलट हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नव्हता. पाळकाला कोण विचारतं?

"मंडळीसाठी माग," त्या म्हणाल्या. "ब्लॉगसाठी. बुधवारी माणसं यावीत."

"मंडळीचं मंडळी बघेल. तुझ्यासाठी विचारतेय मी."

"माझं ठीक आहे, आई."

"ते ठीक एकतीस वर्षं ऐकलं."

टेबलावर आईचा हात होता, शिरा वर आलेला. पूर्वी तो गोल होता. लग्न केलं नाही, भाऊ मातीत, वडील मातीत. उरला होता हा एक हात, आणि त्याचंही वय एक्क्याऐंशी. ही भीती त्यांनी आजवर कुठल्याच यादीत घातलेली नव्हती, स्वतःच्यासुद्धा.

"तू नसशील तेव्हा हे घर मला खायला उठेल," त्या म्हणाल्या. "तेव्हा काय करायचं ते मला कळत नाही. त्याचं काहीतरी माग."

आईने हो-नाही केलं नाही. घाबरू नको म्हणाली नाही, मी कुठे जात नाही असंही म्हणाली नाही. ती अँग्लिकन पाळकाची बायको होती, आणि जे आपल्या हातात नाही त्याचं वचन देत नाहीत हे तिला माहीत होतं.

"ते मी गेल्यावर कसं मागणार," ती म्हणाली. "आत्ताच मागून ठेवायला हवं. बरं झालं सांगितलंस."

तिने मुलीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, डोळे मिटले आणि तिचं घरातलं नाव घेऊन मागायला सुरुवात केली. पाळकबाईंनी डोळे मिटले नाहीत. त्या तिच्याकडे बघत राहिल्या.